पावणेसात लाख कशाचे? अपघात भरपाईच्या तडजोडीविषयी वाचकांचे प्रश्न

रस्ता अपघातात जखमी झालेल्यांच्या भरपाईबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरे मोटार वाहन कायदा, १९८८ आणि त्यातील २०१९ची दुरुस्ती धरून आहेत. दाव्यांविषयीचे बदललेले नियम १ एप्रिल २०२२पासून लागू झाले.

प्रश्न : मी वायरमन आहे, वय ३४. स्वतःची कामे घेतो, महिन्याला वीसेक हजार सुटत होते. तीन वर्षांपूर्वी कारने मोटरसायकलला धडक दिली. उजव्या मांडीचे हाड मोडले, रॉड टाकला, गुडघा नीट वळत नाही. सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्यात उजव्या पायाचे ४० टक्के अपंगत्व लिहिले आहे. सहा महिने घरी बसून होतो. दवाखान्याची बिले २,८५,००० रुपयांची आहेत. आता लोकअदालतीत विमा कंपनी पावणेसात लाख द्यायला तयार आहे. वकील म्हणतात, घेऊन टाका. घ्यावेत का?

उत्तर : पावणेसात लाख कसे आले, हे कोणी तुम्हाला सांगितले आहे का? पत्रावरून तरी तसे दिसत नाही. नुसत्या एकूण रकमेवर घासाघीस करायला बसलात तर पाच-पन्नास हजार वाढवून मिळतील आणि तेवढ्यात समाधान मानावे लागेल. आधी रकमेची फोड मागा.

कंपनीचे गणित बहुधा असे आहे. उत्पन्नाचा पक्का पुरावा नाही म्हणून महिना १२,००० धरले. अपंगत्व संपूर्ण शरीराचे १५ टक्के. तुमच्या वयाला गुणक, म्हणजे किती वर्षांची कमाई धरायची तो आकडा, १६. म्हणजे १२,००० × १२ × १६ × १५ टक्के = ३,४५,६००. डॉक्टरांची चिठ्ठी नसलेली औषधांची बिले वगळून दवाखान्याचे २,४०,०००, तीन महिन्यांच्या बुडालेल्या कमाईचे ३६,००० आणि वेदनांबद्दल ५०,०००. बेरीज ६,७१,६००. वरचे ३,४०० गोळाबेरजेचे.

या फोडीत दोन जातीचे आकडे आहेत. काही कायद्याने ठरलेले आहेत, त्यावर घासाघीस नसते. काही पुराव्यावर अवलंबून आहेत, बोलणी होतात ती तेवढ्यांवरच. कंपनीचा अधिकारी दोन्ही एकत्र कालवून मांडतो आणि दावेदारही सगळेच सैल समजून बसतो.

गुणक कायद्याचा आहे. सरला वर्मा खटल्यात (२००९) सर्वोच्च न्यायालयाने वयानुसार तक्ता घालून दिला : १५ ते २५ वयाला १८, मग २६ ते ३० ला १७, ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४, ४६ ते ५० ला १३, ५१ ते ५५ ला ११, ५६ ते ६० ला ९, ६१ ते ६५ ला ७ आणि त्यापुढे ५. वय अपघाताच्या दिवशीचे धरतात. तुमचे आजचे वय ३४ असले तर अपघाताच्या वेळी ३१ होते. गुणक १६च राहतो. पण ज्यांचे वय टप्प्याच्या काठावर असते त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला जोडलाच पाहिजे, कारण आधारकार्डावरील जन्मतारखेवर हरकत येते.

भविष्यातील वाढीव उत्पन्नही कायद्याचेच, आणि तुमच्या फोडीतून नेमके तेच गायब आहे. प्रणय सेठी खटल्यात (२०१७) घटनापीठाने प्रमाण ठरवून दिले. स्वतःचा व्यवसाय किंवा ठरावीक पगार असलेल्याचे वय ४०च्या आत असेल तर उत्पन्नात ४० टक्के मिळवायचे, ४० ते ५० असेल तर २५ आणि ५० ते ६० असेल तर १० टक्के. कायम नोकरीवाल्यांना हेच अनुक्रमे ५०, ३० आणि १५ टक्के. ‘ते मृत्यूच्या दाव्यात असतं, जखमीला नाही’ असे उत्तर लोकअदालतीत अजूनही ऐकू येते. पप्पू देव यादव खटल्यात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने कायमचे अपंगत्व आलेल्या जखमीलाही ही वाढ मिळते, असे स्पष्ट सांगितले आहे. कंपनीचेच बाकी सगळे आकडे मान्य करून नुसते हे ४० टक्के घातले तरी १,३८,२४० रुपये वाढतात.

आता पुराव्याचे आकडे. सगळ्यात मोठा फरक अपंगत्वाच्या टक्क्यात आहे आणि इथे दोन्ही बाजू अर्धवट बोलतात. दाखल्यातले ४० टक्के एका पायाचे आहेत, ते जसेच्या तसे गुणायचे नसतात. पण शरीराचे १५ टक्के म्हणजे कमाईचे १५ टक्के, हेही चूक. राजकुमार विरुद्ध अजय कुमार (२०११) या निकालाने कसोटी दिली आहे : अपंगत्वामुळे माणसाला काय करता येते आणि काय येत नाही, अपघातापूर्वी त्याचा धंदा काय होता, आणि तो धंदा किंवा दुसरे काही करून तो किती कमवू शकेल. डावा हात गेलेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते, त्याच हाताविना ड्रायव्हरचा किंवा सुताराचा धंदा बसतो. तुमच्या बाबतीत गुडघा किती अंशांत वळतो, पाय आखूड झाला असल्यास किती सेंटिमीटर, हाड जुळल्याचे ताज्या एक्स-रेत दिसते का, हे हाडांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्याखाली कामाच्या भाषेत लिहिले पाहिजे : शिडी चढता येत नाही, उकिडवे बसून खालच्या बोर्डाचे काम होत नाही, ड्रिल धरून दोन्ही पायांवर भार देऊन उभे राहता येत नाही. एवढे कागदावर असेल तर वायरमनला २५ टक्के ही मागणी वाजवी ठरते. नसेल तर दाखल्यातल्या एका ओळीवर कंपनीचा वकील डॉक्टरांना एकच प्रश्न विचारतो, ‘हे ४० टक्के पायाचे की शरीराचे?’ आणि काम संपते.

उत्पन्नासाठी अपघाताच्या आधीच्या दोन-तीन वर्षांचे आयकर विवरणपत्र सर्वांत वजनदार. अपघातानंतर भरलेले विवरणपत्र संशयाने पाहिले जाते, त्यावर भिस्त ठेवू नका. ते नसेल तर बँकेचे उतारे, यूपीआयने आलेल्या मजुरीच्या नोंदी, वायरमनचा परवाना, ज्या ठेकेदारांकडे कामे घेत होता त्यांची पत्रे. पत्र देणारा साक्षीला येईल का, हे आधीच विचारा, नाहीतर त्या पत्राला किंमत राहत नाही. काहीच नसले की किमान वेतनाचा दर आधार म्हणून घेतात, पण तो कमाल दर नव्हे. कसबी कारागिराला त्याहून अधिक धरता येते.

या साऱ्याची गोळाबेरीज तीन पातळ्यांवर करून पाहा. तुमचे सगळे मान्य झाले तर : २०,००० अधिक ४० टक्के म्हणजे २८,०००, गुणिले १२, गुणिले १६, त्याचे २५ टक्के = १३,४४,०००. सहा महिन्यांची कमाई १,२०,०००, बिले २,८५,०००, रॉड काढण्याच्या पुढच्या शस्त्रक्रियेचे समजा ६०,०००, येणे-जाणे, खुराक, सोबतीला माणूस यांचे ४०,०००, वेदनांचे १,००,००० आणि आयुष्यातील सुखसोयी हरवल्याचे ७५,०००. एकूण २०,२४,०००. मोटार अपघात दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने उत्पन्न १६,००० धरले आणि चिठ्ठीविना बिले वगळली तर १६,८६,२००. अगदी हात आखडून, म्हणजे १२,००० उत्पन्न, २० टक्के अपंगत्व आणि वेदना-सुखसोयी मिळून १,२५,००० धरले तरी ११,८२,१२०. जखमीच्या दाव्यात स्वतःच्या खर्चासाठी तिसरा हिस्सा वजा करत नाहीत. ती वजावट मृत्यूच्या दाव्यातली आहे, कोणी सुचवली तर तिथेच थांबवा.

म्हणजे पावणेसात लाख ही रक्कम सर्वांत वाईट निकालापेक्षाही खाली आहे. आमच्या मते साडेतेरा-चौदा लाखांच्या खाली उतरण्याचे कारण दिसत नाही, आणि तेही व्याज सोडून. दावा दाखल होऊन तीन वर्षे झाली असतील तर साडेसात टक्के दराने १४ लाखांवर ३,१५,००० रुपये सरळव्याज होते. न्यायाधिकरणे बहुधा अर्जाच्या तारखेपासून ६ ते ९ टक्के व्याज देतात. लोकअदालतीतला आकडा मात्र ‘व्याजासह एकरकमी’ असतो आणि हे दोन शब्द घाईत कोणाच्या लक्षात येत नाहीत. कंपनीने १४ लाख म्हटले की पहिला प्रश्न : व्याजासह की व्याजाशिवाय?

बोलणीच्या दिवशी एका पानावर हा हिशेब टाइप करून न्या, एक प्रत अधिकाऱ्याला द्या. राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधी बहुतेक ठिकाणी पूर्वबैठका होतात, खरे काम तिथेच उरकते. मुख्य दिवशी अधिकारी वरून मंजूर करून आणलेल्या मर्यादेतच बोलू शकतो, म्हणून कागद आधी पोहोचला पाहिजे. उत्पन्नावर २० वरून १६ हजारांवर यायला हरकत नाही, तो तुमचा दुबळा दुवा आहे. ४० टक्के वाढ आणि गुणक सोडू नका. आणि ‘अर्जात तर आठच लाख मागितलेत’ असे कोणी म्हणाले तर दबू नका. नागप्पा खटल्यात (२००३) सर्वोच्च न्यायालयाने मागितल्यापेक्षा जास्त, न्याय्य वाटेल ती भरपाई देता येते असे ठरवले आहे. तरी अर्जात दुरुस्ती करून घेतलेली बरी.

वकिलांनी ‘घेऊन टाका’ म्हटले त्यामागे काही कारण असू शकते : पंचनाम्यात तुमची चूक दिसत असेल, डॉक्टर साक्षीला येत नसतील. ते कारण विचारा. कारण खरे असेल तर रक्कम कमी होईल, पण मग त्याचाही आकडा सांगता आला पाहिजे.

प्रश्न : वडिलांना परवा कारने उडवले, ते अजून आयसीयूत आहेत. कारमालक भला माणूस वाटतो. तो म्हणतो, ‘केस करू नका, दीड लाख रोख देतो, स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊ.’ दवाखान्याचे बिल डोक्यावर आहे. काय करावे?

उत्तर : सही करू नका. कारमालक भला असेलही, पण भरपाई त्याच्या खिशातून जायची नाही. थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याला झालेल्या हानीचा विमा, सक्तीचा आहे तो याचसाठी. वडिलांना पुढे काय लागणार हे आज डॉक्टरही सांगू शकत नाहीत. मोडलेले हाड न जुळणे, जंतुसंसर्ग, दुसरी शस्त्रक्रिया हे तीन-चार महिन्यांनी कळते. अपंगत्वाचा दाखलाही उपचार स्थिरावल्यावरच घ्यायचा असतो. त्याआधी केलेली तडजोड म्हणजे न पाहिलेल्या मालाची पावती.

बिलाची चिंता असेल तर केंद्र सरकारची अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचार योजना मे २०२५पासून लागू आहे. अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत, नेमलेल्या रुग्णालयात, दर जखमीमागे दीड लाखापर्यंतचा उपचार त्यात होतो. रुग्णालयाच्या कक्षात आजच विचारा, सात दिवस पटकन सरतात.

पोलिसांत फिर्याद नोंदवा आणि एफआयआरची प्रत घ्या. तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. हा सविस्तर अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. प्रत्यक्षात अहवाल रेंगाळतात, म्हणून स्वतंत्र अर्जही करा. अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर बसून राहू नका. अर्ज अपघात घडला तिथे, तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे, यांपैकी कुठल्याही जिल्ह्याच्या न्यायाधिकरणात करता येतो. गावापासून दूर अपघात झाला म्हणून दर तारखेला तिकडे खेटे घालायची गरज नाही.

आत्ताच गोळा करायचे कागद : घटनास्थळ पंचनामा, कारचे आरसी, विमा पॉलिसी आणि चालकाचे लायसन्स यांच्या प्रती, दवाखान्याचे केसपेपर. दाखल होताना केसपेपरवर ‘कारने धडक दिली’ असे लिहिले आहे की ‘पडून मार लागला’, हे वाचून बघा. घाईत सांगितलेली दुसरी ओळ पुढे दावा बुडवते. चूक असेल तर आजच डॉक्टरांना लेखी अर्ज द्या.

विमा कंपनीला अपघात कळल्यावर तिने तडजोडीसाठी अधिकारी नेमायचा असतो आणि ३० दिवसांत तो न्यायाधिकरणापुढे प्रस्ताव ठेवू शकतो. तुम्ही मान्य केलात तर तशी नोंद होते आणि कंपनीला त्यानंतर जास्तीत जास्त ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. नाकारलात तर दावा गुणवत्तेवर चालतो, नाकारल्याने काही हक्क जात नाही.

प्रश्न : माझ्या मेडिक्लेमने ३ लाख १० हजारांचे बिल भरले. आता समोरच्या गाडीची विमा कंपनी म्हणते, तो खर्च तुम्हाला दोनदा मिळणार नाही, वजा करू.

उत्तर : यावर वर्षानुवर्षे उलटसुलट निकाल होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५मध्ये तो वाद मिटवला : मेडिक्लेमचा हप्ता तुम्ही स्वतः भरलेला असतो, ते पैसे त्या कराराचे आहेत, म्हणून वैद्यकीय खर्चाच्या भरपाईतून ते वजा करायचे नाहीत. महाराष्ट्रातल्या न्यायाधिकरणांवर हा निकाल बंधनकारक आहे. लोकअदालतीत त्याची प्रत बरोबर ठेवा.

बिले मेडिक्लेमकडे मूळ स्वरूपात जमा झालेली असतात, ही खरी अडचण. रुग्णालयाकडून शिक्का मारलेली दुसरी प्रत आणि मेडिक्लेम कंपनीकडून मंजुरीचा तपशील मागवून घ्या. आणखी एक गोष्ट हमखास होते : आगाऊ भरलेल्या रकमेच्या पावत्या आणि अंतिम बिल दोन्ही बेरजेत जातात. एकदा अशी दुबार नोंद सापडली की कंपनीचा वकील उरलेल्या प्रत्येक पावतीवर बोट ठेवतो.

प्रश्न : आम्ही तिघे एका दुचाकीवर होतो, हेल्मेट नव्हते. कार उलट्या बाजूने आली. पण कंपनी म्हणते, निम्मी चूक तुमची, निम्मी रक्कम कापणार.

उत्तर : ट्रिपल सीट हा नियमभंग आहे, त्याचा दंड वेगळा. भरपाई कापायची तर त्या नियमभंगामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली, हे दाखवावे लागते. मोहम्मद सिद्दीकी खटल्यात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले : तिघे बसले होते एवढ्यावरून सहभागी निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. लायसन्स नसणे हीदेखील आपोआप चूक ठरत नाही, असा २००८चा निकाल आहे.

तुमच्या प्रकरणात कार उलट्या बाजूने आली, हे पंचनाम्याच्या नकाशात दिसते का? काचा, घासल्याच्या खुणा आणि गाड्यांची अंतिम जागा रस्त्याच्या कोणत्या अंगाला आहे ते पाहा. चालकावर दोषारोपपत्र दाखल झाले असेल तर ते जोडा. दाव्यात फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, संभाव्यतेचे पारडे कोणीकडे झुकते ते पाहतात.

हेल्मेटचा मुद्दा मात्र इजा कुठे आहे त्यावर ठरेल. पायाचे हाड मोडले असेल तर हेल्मेटचा संबंधच नाही. डोक्याला मार असेल तर थोडी कपात होऊ शकते. तडजोडीत १० टक्क्यांपर्यंत सोडणे समजण्यासारखे, ५० टक्के मुळीच नाही. मागे बसलेल्या दोघांनी तर काहीच सोडू नये. ते गाडी चालवत नव्हते.

प्रश्न : मित्राच्या कारमध्ये बसले होते. कार आणि ट्रक धडकले, माझा हात मोडला. ट्रकवाल्याची कंपनी कारकडे बोट दाखवते, कारची कंपनी ट्रककडे.

उत्तर : तुम्ही प्रवासी होतात, म्हणून चूक कोणाची किती हा त्या दोघांचा आपसातला प्रश्न आहे. दोन्ही वाहनांच्या चुकीने अपघात झाला असेल तर जखमी दोघांपैकी कोणा एकाकडूनही संपूर्ण रक्कम वसूल करू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने खेनेई खटल्यात (२०१५) ठरवले आहे. दाव्यात दोन्ही मालक आणि दोन्ही कंपन्या यांना पक्षकार करा. एकाच कंपनीशी तडजोड करायची वेळ आली तर पुरसिशीत (तडजोडीच्या लेखी निवेदनात) ‘उरलेल्या जाबदेणारांविरुद्धचा हक्क राखून’ असे शब्द आहेत की ‘संपूर्ण दावा निकाली’, ते वाचल्याशिवाय सही नको.

कारची पॉलिसी कोणती आहे तेही पाहा. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी खासगी कारमधील फुकट प्रवाशाला सहसा लागू होत नाही, पॅकेज (सर्वसमावेशक) पॉलिसी लागू होते. कारची फक्त थर्ड पार्टी असेल तर तुमचा भर ट्रकच्या कंपनीवर असू द्या.

प्रश्न : मी बँकेत आहे. अपघातानंतर चार महिने रजेवर होते, पुन्हा त्याच पगारावर रुजू झाले. कंपनी म्हणते, तुमचे काही नुकसानच झाले नाही.

उत्तर : भावी कमाईच्या शीर्षकाखाली तुम्हाला फारसे मिळणार नाही, हे मान्य करून पुढे चला. त्यावर अडून बसलात तर बाकीचेही पातळ होते. पण चार महिन्यांची रजा तुमची मिळकत होती, ती अपघातात खर्ची पडली. रजेच्या मंजुरीचे पत्र आणि त्या महिन्यांचा पगार दाखवून तेवढी रक्कम मागा. बढतीची परीक्षा किंवा बदलीची संधी हुकली असेल तर तसे बँकेचे पत्र घ्या. आणि नोकरी टिकलेल्यांच्या बाबतीत वेदना आणि सुखसोयी गमावल्याचे शीर्षक अधिक भरघोस असायला हवे, कारण हानी पगारात न दिसता तिथे दिसते.

प्रश्न : आई गृहिणी, वय ४८. मनगट कायमचे आखडले. कंपनी म्हणते, उत्पन्न शून्य.

उत्तर : गृहिणीच्या कामाला काल्पनिक उत्पन्न धरायचे आणि त्यावर भविष्यातील वाढही द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने कीर्ती खटल्यात (२०२१) सांगितले. तो दावा मृत्यूचा होता, पण कामाचे मोल ठरवण्याचे तत्त्व जखमीलाही लागते. ४८ वयाला गुणक १३ आणि वाढ २५ टक्के. उजवे मनगट असेल तर डॉक्टरांकडून पकडीची ताकद किती टक्के घटली ते लिहून घ्या. घरकामाला बाई ठेवावी लागली असेल तर तिला दिलेले पैसे बँकेतून द्या, रोख नको.

प्रश्न : लोकअदालतीत तडजोड केली आणि नंतर कमी वाटली तर अपील करता येते का? वकील मिळणाऱ्या रकमेच्या २५ टक्के फी मागतात, ते बरोबर आहे का?

उत्तर : अपील नाही. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अंतिम असतो. न्यायाधिकरणाच्या निकालावर ९० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येते, तडजोडीवर नाही. म्हणून पुरसिशीत या गोष्टी लिहिलेल्या असाव्यात : एकूण रक्कम आणि ती व्याजासह की कसे, आधी मिळालेली रक्कम वजा करायची की नाही, पैसे भरण्याची तारीख, त्या तारखेला न भरल्यास त्यापुढे किती टक्के व्याज (९ टक्के मागा), आणि जखमीचा स्वतःचा बँक खाते क्रमांक. खात्याचा तपशील, आधार आणि पॅन आधीच दिलेले असले की पैसे न्यायाधिकरणात पडून राहत नाहीत. जखमी अल्पवयीन मुलगा-मुलगी असेल तर तडजोडीला परवानगी घ्यावी लागते आणि मोठा हिस्सा सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत जातो. ती कंपनीची खोड नव्हे, मुलाच्या संरक्षणासाठीच आहे.

फीबद्दल : दाव्याच्या निकालातून मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवणे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलांना निषिद्ध आहे. ठरावीक रक्कम, टप्प्याटप्प्याने, पावती घेऊन ठरवा. कोऱ्या चेकवर किंवा पैसे काढण्याच्या कोऱ्या स्लिपवर सही देऊ नका. महिला, मुले, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अपंगत्वाचा दाखला हातात असलेल्या जखमीने तो अर्ज न करण्याचे कारण नाही.

प्रश्न : धडक देणारी गाडी सापडलीच नाही. माझा पाय मोडला. काही मिळेल का?

उत्तर : मिळेल, पण ठरावीक. अज्ञात वाहनाच्या धडकेत गंभीर जखमीला ५०,००० आणि मृताच्या वारसांना २ लाख रुपये मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. सोबत एफआयआर, वैद्यकीय कागद, ओळखपत्र आणि बँक पासबुकाची प्रत. पुढे गाडी सापडली आणि दाव्यात भरपाई मिळाली तर ही रक्कम त्यातून परत करावी लागते. तोवर तपास बंद होऊ देऊ नका. टोलनाका, पेट्रोलपंप किंवा दुकानाच्या कॅमेऱ्यांचे चित्रण फार दिवस साठवलेले नसते, ते जपून ठेवण्याचा लेखी अर्ज पोलीस ठाण्यात पहिल्याच आठवड्यात द्या आणि पोचेचा शिक्का घ्या.